माळावरचा तरवड काढण्याआधी खालचा दगड बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर उन्हाळ्यात बातम्या येतात, अमुक गावचा पडीक माळ हिरवा होणार, इतके हजार खड्डे काढून झाले, इतकी हजार रोपं येणार. लोक मनापासून काम करतात, सुट्टीच्या दिवशी शहरातून पोरं येतात, श्रमदान होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या बातमीसोबतचा फोटो जरा नीट बघा. मागचा माळ ताजा खरवडलेला असतो, मुरूम उघडा पडलेला असतो आणि एका कडेला काढलेल्या झुडपांचा ढीग असतो. तरवड, बोराटी, हेकळी, अमोणी, कधी एखादी नेपती. ती झुडपं काढून टाकली हे बातमीत कुठेच नसतं कारण ती कोणी मोजलेलीच नसतात. त्या ढिगाबद्दलच हे पत्र आहे, थोडं लांबलंय, पण पूर्ण छापावं ही विनंती.

मी माण तालुक्यातला. आमच्या घरी विहिरी पाडायचा धंदा आहे, सोबत थोडी जिरायत आणि चुलत्यांची मेंढरं. विहिरीच्या धंद्यातल्या माणसाला जमीन आतून बघायला मिळते. वर वीतभर नाहीतर हातभर माती, कधी तीपण नाही. मग मुरूम, हा कुठे दोन फूट तर कुठे दोन पुरुष (एक पुरुष म्हणजे एका माणसाची उंची). त्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक, त्या भोकांत पांढरे-हिरवट खडे भरलेले असतात, हा फोडायला मऊ आणि पाणी लागलं तर बहुतेक यातच लागतं. त्याखाली काळा पाषाण, इथे सुरुंगाशिवाय भागत नाही. आणि मधेच कुठेतरी तांबडा गेरूचा पट्टा लागतो, ओला केला तर हाताला लोण्यासारखा लागतो. मग परत मांजऱ्या, परत पाषाण. असे थरावर थर.

हे थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेला लाव्हा. एक लाट आली, थंड झाली, काही काळ गेला, वरचा भाग कुजून तांबडा झाला, त्यावर पुढची लाट आली. आज उरलाय तेवढाच खडक जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. शाळेत हे सगळे शिकतात, पण माळावर कुठलं झुडूप कुठे उभं आहे ते या थरांवर ठरतं हे मात्र कोणी सांगत नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यातच बघा ना. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून सरळ पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर, वाईट वर्षी त्याच्या निम्मापण नाही. खडक तोच, लाव्ह्याचाच. पण तिकडे एवढ्या पावसाने खडकातला चुना, सिलिका सगळं धुऊन नेलं आणि मागे लोखंड-अ‍ॅल्युमिनियम उरलं, त्याचा जांभा झाला. कासचं पठार जांभ्याचं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथली कारवी आणि फुलं बघायला लोक रांगा लावतात. इकडे माणमध्ये पाऊस एवढा कमी की खडकातून सुटलेला चुना धुऊन जातच नाही, तो हातभर खाली जातो आणि तिथेच खड्यांच्या रूपात बसतो. आमच्याकडे चुनखडीचं रान म्हणतात ते हेच. अशा रानात डाळिंब लावलं की पानं पिवळी पडतात कारण जमिनीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही. आटपाडी-सांगोल्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, यावर औषधाला किती पैसे जातात ते सांगेल. पण त्याच बांधाच्या पलीकडे हेकळी हिरवीगार उभी असते, तिला कोणी काही घालत नाही. ती त्या चुन्यातच वाढलेली आहे, पिढ्यान्पिढ्या.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं जिथे माती जास्त तिथे झाड चांगलं. बागायतीत ठीक आहे. पण जिथे पाऊस पाचशे मिलिमीटर आहे आणि तोही चार-सहा मोठ्या सरींत पडून जातो तिथे रानातल्या झुडपांसाठी हिशोब उलटा होतो. खोल काळ्या रानात पाऊस पडला की चिकणमाती ते पाणी वरच्या हातभरातच धरून ठेवते आणि उन्हात ते हळूहळू उडून जातं. शिवाय ही माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगा बारीक मुळं तोडतात. म्हणून काळ्या रानात बाभळीसारखी चिवट झाडं सोडली तर आपसूक आलेली झुडपं कमी दिसतात. मुरमाचं तसं नाही. मुरूम भरड असतो, त्यात फटी असतात, पाणी सरळ खाली उतरतं आणि एकदा दोन-चार हात खाली गेलं की ऊन तिथे पोचत नाही. तरवडाचं आणि बोराटीचं मूळ त्या पाण्यामागे खाली जातं. विहिरीच्या कडेला कापलेल्या मुरमात मी बोराटीची मुळं बघितली आहेत, वर झुडूप कमरेएवढंसुद्धा नाही आणि मूळ पुरुषभर खाली मांजऱ्याच्या फटीत शिरलेलं, तिथे ते चपटं होऊन फटीच्या आकाराचं झालेलं, मूळचं करंगळीएवढं जाड, पण फटीत कागदासारखं पातळ नि रुंद पसरलेलं. वरून बघणाऱ्याला ते खुरटं वाटतं. त्याचा खरा पसारा खाली खडकात असतो.

एप्रिल-मेमध्ये शिखर शिंगणापूरच्या डोंगररांगेकडे लांबून बघा. सगळा डोंगर पिवळा-करडा, पण मधूनच आडव्या हिरव्या रेघा दिसतात, एकाच उंचीवर, डोंगराला वळसा घालून गेलेल्या. तो योगायोग नाही. तिथे गेरूचा थर बाहेर आलेला असतो. वरच्या मांजऱ्यातून झिरपलेलं पाणी खाली येतं, गेरू चिकट असल्याने ते त्यातून पुढे जात नाही, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून पाझरतं. त्या रेघेवर निरगुडी असते, करंज असतो, कुठे कुठे उंबर. त्याच्या वरच्या पाषाणाच्या कड्यावर निवडुंग असतो, तो उभ्या भेगांत. खालच्या मुरमाच्या उतारावर तरवड. सपाटीला बोराटी आणि मारवेल-पवन्याचं गवत. आमचे म्हातारे विहिरीची जागा बघायला आधी ही हिरवी रेघ शोधायचे, मग पुढचं. आता बोअरवाला मशीन घेऊन येतो, पण अजूनही अनुभवी माणूस झुडपांकडे नजर टाकल्याशिवाय पॉइंट देत नाही.

धूप हा या गोष्टीचा दुसरा भाग आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे. माती वाहून जाते हे वाईटच असं आपण धरून चालतो. पण खोऱ्यातलं काळं रान आलं कुठून? डोंगरावरचा खडक कुजून जी माती झाली तीच हजारो वर्षं वाहत खाली आली आणि माणगंगेच्या, भीमेच्या काठी साठली. म्हणजे डोंगर उघडा होणं आणि खोरं भरणं ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत आणि डोंगरावरची झुडपं त्या उघड्या होण्याशी जुळवून घेत घडली आहेत. फरक वेगाचा आहे. १९८३ साली झालेल्या एका अंदाजानुसार भारतात सरासरी हेक्टरी १६.४ टन माती दर वर्षी जागची हलते, सगळी मिळून ५३३ कोटी टन, त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत बसते. हेक्टरी सोळा टन म्हणजे वर्षाला एक मिलिमीटरच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही, पण ज्या माळावर मुळात वीतभर माती आहे तिथे सात-आठ पिढ्यांत संपलं की.

ही धूप झुडपाच्या बुंध्याशी अगदी जवळून दिसते. तरवडाच्या एखाद्या जुन्या झुडपाशी उकिडवं बसा. वरच्या अंगाला, म्हणजे उताराच्या वरच्या बाजूला, बुंध्याशी मातीचा छोटा उंचवटा असतो. त्यात बारीक माती, सुकलेला पाला, शेळीच्या लेंड्या, गवताचं कूस, वाळवीने आणलेली भुकटी असं सगळं अडकलेलं असतं. बोटाने उकरलं तर भर उन्हाळ्यातही दोन बोटं खाली माती गार लागते. खालच्या अंगाला मात्र मुळं उघडी पडलेली असतात, कधी वीतभर. ती उघडी मुळं म्हणजे त्या जागेची मोजपट्टी आहे. झुडूप रुजलं तेव्हा जमीन त्या मुळाच्या वरच्या कडेला होती, आज ती वीतभर खाली गेली. झुडपाच्या सावलीखाली मात्र तेवढी गेलेली नाही कारण वळवाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने उघड्या जमिनीवर आदळतो आणि माती उडवतो, तोच थेंब आधी पानांवर फुटला की बुंध्याशी हळू उतरतो. म्हणून प्रत्येक झुडूप स्वतःच्या छोट्या चौथऱ्यावर उभं असल्यासारखं दिसतं आणि दोन झुडपांच्या मधली जमीन दगडगोट्यांनी भरलेली. ते दगड कोणी आणून टाकलेले नाहीत, बारीक माती निघून गेली आणि दगड मागे राहिले.

त्या चौथऱ्यावरच पुढची सगळी उगवण होते. खोकड बोरं खातं, बुलबुल खातात, बिया झुडपाखाली पडतात. काट्यांच्या आत शेळीचं तोंड पोचत नाही म्हणून तिथे हिवराचं, कधी कडुनिंबाचं रोप तग धरतं आणि दहा-पंधरा वर्षांनी झुडपाच्या डोक्यावरून बाहेर निघतं. आमच्या माळावर आज जे चार मोठे हिवर आहेत ते सगळे बोराटीच्या जाळीत वाढलेत, त्यांना कोणी खड्डा काढला नाही आणि टँकरने पाणी घातलं नाही. जिथे जाळी नाही तिथे मोठं झाडही नाही.

झुडपांचा आकारही याच्यातूनच येतो. लोक म्हणतात ही खुरटी झाडं, चराई-तोडीने खुरटलेली. चराई-तोड होतेच, नाही म्हणत नाही. पण एकच सरळ बुंधा वाढवणं हे या जमिनीवर मुळात परवडणारं नाही. एका सरीत बुंध्याभोवतीची माती गेली तर एकबुंधी रोप कलतं आणि वाळतं. तरवड आणि बोराटी जमिनीलगत जाड गड्डा धरतात आणि त्यातून पाच-सहा फांद्या काढतात, एक गेली तर दुसरी. बोराटीच्या उघड्या पडलेल्या मुळालाही फुटवे येतात, म्हणजे धूप झाल्यावर ती मरत नाही, तर पसरते. नेपती तर पानंच ठेवत नाही, हिरव्या काड्यांवरच भागवते, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला विटकरी-लाल फुलं येतात तेव्हा सगळा माळ सुकलेला असतो. ही सगळी त्या दगडाची आणि त्या धुपीची घडण आहे. तिथे आपण नर्सरीतलं पिशवीतलं एकबुंधी रोप नेऊन लावतो, पिशवीत त्याचं मूळ गोल फिरलेलं असतं, ते मुरमाच्या फटी कधी शोधणार?

खडक बदलला की हे चित्र किती बदलतं ते बघायचं असेल तर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी जा. संगमनेरच्या खाली नदीच्या दोन्ही बाजूला गाळाची जाड जमीन आहे, चुनखडीचे खडे मिसळलेली. तिथे दगड नाहीत, त्यामुळे धूप थर सोलत नाही, ती घळी पाडते, काही घळी दोन-तीन पुरुष खोल. त्या घळींच्या माथ्यावर हिवर-बाभळीची मुळं हवेत लोंबतात, आणि घळीच्या तळाला, जिथे ताजा गाळ साठतो, तिथे बोराटीची दाट जाळी. म्हणजे तेच झुडूप, पण आमच्याकडे ते उताराच्या अंगावर आणि तिकडे घळीच्या पोटात. गेल्या काही दशकांत त्यातल्या पुष्कळ घळी ट्रॅक्टरने सपाट करून ऊस लावलाय. पोटासाठी शेतकरी करणारच, त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, पण तिथली झुडपं आणि त्यांच्या आधाराने राहणारी खोकडं-तरसं कुठे गेली याची नोंद निदान कुठेतरी असावी.

आता माळाच्या कामांबद्दल. सरकारी नकाशांत आमच्या माळाचं नाव पडीक जमीन. देशाच्या पडीक जमिनींच्या अ‍ॅटलासमध्ये झुडपांची जमीन हा पडीकमधलाच एक प्रकार आहे. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही केलं तरी सुधारणाच ठरते. सोलर प्रकल्प, एमआयडीसी, मुरूम उपसा, वृक्षलागवड, सगळं तिथेच. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, एवढी रोपं कुठेतरी लावायला जागा लागते आणि झाडी नसलेला मोकळा माळ डोळ्यासमोर येतो. पण बारामतीजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आणि कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य हेसुद्धा असेच माळ आहेत, असाच मुरूम, अशीच झुडपं, आणि तिथे चिंकारा नि काळवीट आहेत म्हणून आपण ते राखतो. त्या अभयारण्यांच्या कुंपणाबाहेरची तीच जमीन मात्र पडीक. हे कसं काय?

आमच्या शेजारच्या एका गावच्या डोंगरावर मागे लागवड झाली. कोणी केली ते लिहीत नाही, माणसं चांगली होती. जेसीबीने आधी झुडपं काढली, कारण मशीन फिरायला अडचण होते. मग उताराला आडवे सलग चर मारले. त्या डोंगराच्या खालच्या अंगाला मुरूम खोल आहे, तिथे चर उत्तम चालले, पाणी मुरलं, खालच्या विहिरीला फरकही पडला, हे मी स्वतः बघितलंय. पण वरच्या निम्म्या भागात फूटभर मुरूम आणि त्याखाली सरळ काळा पाषाण आहे, आम्ही तिथून जवळच विहीर पाडलेली असल्याने मला ते माहीत होतं. तिथे चराचा तळ पाषाणावर गेला. पाषाणात पाणी मुरत नाही, चर भरला आणि उताराच्या बाजूचा भुसभुशीत भराव फोडून पाणी सुटलं. झुडपांनी अडवलेली, चौथऱ्या-चौथऱ्याने साठलेली माती एका पावसात ओढ्यात गेली. खड्ड्यांचं तेच झालं, पाषाणात घेतलेला खड्डा म्हणजे तळाला भोक नसलेली कुंडी, पावसाळ्यात मूळ कुजतं आणि मार्चनंतर त्यात थेंब नसतो. आज त्या वरच्या भागात रोपंही नाहीत आणि तरवडही नाही, आहे ती घाणेरी आणि वेडी बाभूळ, कारण खणलेल्या उघड्या जमिनीवर तीच आधी येते.

आधी चार हात खणून बघितलं असतं तर हे टळलं असतं. खरं तर खणायचीसुद्धा गरज नव्हती. वर हेकळी विरळ आणि भेगेभेगेने उभी होती, खाली तरवड दाट आणि सरसकट होता, तेवढ्यावरून कळतं कुठे पाषाण वर आलाय आणि कुठे मुरूम खोल आहे.

मुरूम उपशाबद्दल तर बोलायलाच हवं. रस्त्यांची कामं जोरात आहेत, रस्ते आम्हालाही हवेत, पण भराव म्हणून जो मुरूम जातो तो झुडपांच्या उतारावरूनच जातो, कारण तिथे तो मऊ आणि वर असतो, पोकलेन सहज लागतो. लोकांच्या लेखी मुरूम म्हणजे मातीपेक्षा हलकी चीज. पण वर सांगितलं तसं या पट्ट्यात पावसाचं पाणी जपून ठेवणारा थर तोच आहे, आणि काळा खडक कुजून, पापुद्रे सुटून त्याचा दोन पुरुष मुरूम व्हायला माणसाच्या हिशोबात न बसणारा काळ लागतो. माती गेली तर शेतकरी गाळ आणून टाकतो. मुरूम गेला तर काय आणणार? उघडा पाषाण राहतो, त्यावर तरवड परत येत नाही आणि खालच्या विहिरीचा पाझरही तुटतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सगळेच उघडे माळ मुळातले उघडे नाहीत. काही उतार गेल्या शे-दोनशे वर्षांत कुऱ्हाडीने आणि अति चराईने उघडे पडलेत, तिथे काहीतरी करायलाच हवं. दोन्हींतला फरक ओळखता येतो. जिथे दगडांवर करडे-हिरवे डाग, दगडफुलासारखे, चिकटून बसलेत आणि दगडाची वरची बाजू काळपट झालीये तो माळ फार जुना उघडा आहे, त्याला तसाच राहू द्यावा. जिथे दगडावर पांढरा चुन्याचा लेप वरच्या बाजूला दिसतो तिथे सावध व्हावं, कारण तो लेप मातीच्या आत, दगडाच्या खालच्या अंगाला बसत असतो. तो वर दिसतोय म्हणजे माती नुकतीच गेली आणि दगड उलटला. जिथे झुडपांची मुळं वीतभर उघडी आहेत आणि चौथरे ढासळतायत तिथे काम हवं, पण कसलं काम? दगडांचे छोटे आडवे बांध, हाताने रचलेले, पावसाळ्यात दोन-तीन महिने चराईला विसावा, आणि आहे त्या जाळीच्या आत हिवर-बोरीचं बी टोकणं. त्याला जेसीबी लागत नाही आणि पैसाही फार लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याचा प्रस्ताव कोणी करत नाही. धनगरांशी बसून बोललं तर चराईचा विसावा जमतो, आमच्या चुलत्यांनी आणि आजूबाजूच्या वाड्यांनी एका टेकडीवर तसा ठेवलाय, कुठलाही ठराव न करता, आणि तिथे पवन्या परत आलाय.

तरवडाला आपण काडीची किंमत देत नाही याचं मला फार वाईट वाटतं. एकेकाळी त्याच्या सालीने कातडी कमवत, फुलं-पानं घरगुती औषधात असायची, नवरात्राच्या आसपास माळ पिवळाधमक व्हायचा. शेजारच्या तेलंगणाने याच झुडपाच्या फुलाला राज्यफुलाचा मान दिलाय, बतुकम्माच्या सणात ते मांडतात. आपल्याकडे त्याचा ढीग करून पेटवतात.

माझ्या मागण्या काय आहेत ते सांगतो. लागवडीचं किंवा चरांचं काम मंजूर करण्याआधी त्या गावच्या दोन-चार विहिरींचे कापलेले थर बघा, प्रत्येक गावात उघड्या विहिरी आहेत, उतरायचीसुद्धा गरज नाही, काठावरून दिसतं. फूटभराच्या आत पाषाण असेल तिथे मशीन नेऊ नका. खोल मुरूम असेल तिथे चर घ्या, पण झुडपांच्या मधून, झुडपं काढून नाही, मशीनला अडचण होत असेल तर माणसं लावा, रोजगार हमी त्यासाठीच आहे. डोंगरातल्या त्या हिरव्या रेघेच्या वरून आणि खालून मुरूम उचलायला परवानगी देऊ नका, ग्रामसभेनेही तसा ठराव करावा. आणि सामाजिक संस्थांच्या मंडळींना विनंती, नर्सरीत गिरीपुष्प आणि नीलगिरी वाढवण्याऐवजी आपल्याच तालुक्यातल्या माळावरचं बी गोळा करा, तरवडाच्या शेंगा हिवाळ्यानंतर सुकतात, बोरं पौषात असतात, गोळा करायला शाळेची पोरं आनंदाने येतात.

आपल्या पेपरकडून एकच हवंय. लागवडीच्या बातमीत किती रोपं लावली तो आकडा असतोच, तिथे आपल्या वार्ताहराने आधी किती झुडपं काढली आणि किती खोलीवर दगड लागला हे दोन प्रश्नही विचारावेत. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापावं. खड्ड्यांची कामं मार्च ते मेमध्ये उरकतात, वळीव पडायच्या आत, तेव्हा यंदाच्या हंगामातच ही सुरुवात व्हावी.

आपला,
एक वाचक
ता. माण, जि. सातारा